ज्ञानाचा पत्ता : औद्योगिक पट्ट्यातील संदर्भनिर्देशाची प्रस्तावना

एखादे विधान कोणी केले, कशाच्या आधारावर केले आणि तो आधार दुसऱ्या अभ्यासकाला पुन्हा कोठे सापडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखनातच नोंदवून ठेवण्याच्या पद्धतीला संदर्भनिर्देश म्हणतात. तळटीप, कंसातील लेखकनाम आणि वर्ष, चौकटी कंसातील क्रमांक, ग्रंथाच्या शेवटी येणारी संदर्भसूची आणि आरंभी येणारा ऋणनिर्देश ही या एकाच व्यवस्थेची निरनिराळी रूपे आहेत. तिच्यामागे दोन हेतू असतात. पहिला ऋण मान्य करण्याचा, म्हणजे ज्याच्या श्रमातून ज्ञान आले त्याचे नाव त्या ज्ञानासोबत ठेवण्याचा. दुसरा पडताळणीचा, म्हणजे वाचकाला लेखकावर विसंबून न राहता मूळ आधारापर्यंत स्वतः जाता यावे अशी सोय करण्याचा. ऋण मान्य करूनही पडताळणीची वाट बंद राहू शकते, आणि पडताळणीचा सारा तपशील देऊनही ज्याचे ऋण खरोखर मोठे आहे तो माणूस अनुल्लेखित राहू शकतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जे अभ्यासलेखन होते त्यात हे दोन्ही दोष संभवतात, आणि त्यांतील दुसरा अधिक गंभीर असूनही त्याकडे क्वचितच लक्ष जाते.

या पट्ट्यात निगडी, आकुर्डी, पिंपरी येथील अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि वैद्यकीय शिक्षणसंस्था आणि भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे येथील कारखाने एकमेकांपासून काही किलोमीटरवर उभे आहेत, आणि या सान्निध्यातून लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच येथे रुजला आहे, तो म्हणजे प्रकल्प अहवाल. विद्यार्थी काही महिने कारखान्यात जातो, एखाद्या मशिनचा सायकल टाइम कमी कसा करता येईल किंवा वेल्डिंगमधील रिजेक्शन कशामुळे वाढले आहे याचा शोध घेतो, आणि त्याचा अहवाल महाविद्यालयाला सादर करतो. अशा अहवालातील ज्ञान तीन ठिकाणांहून आलेले असते : छापील ग्रंथ आणि शोधनिबंध, कारखान्यातील ड्रॉइंग, प्रोसेस शीट, तपासणीच्या नोंदी आणि मानके, आणि मशिनवर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे. संदर्भसूची मात्र बहुधा पहिल्या ठिकाणापाशी थांबते, दुसऱ्यातील थोडेसे ‘कंपनीची माहिती’ या मोघम शब्दांत घेते आणि तिसऱ्याला सूचीत जागाच नसते. विषयाचा परिचय करून देताना याच उणिवेवर अधिक भर देणे योग्य ठरेल.

संदर्भ देण्याची रीत पाश्चात्त्य विद्यापीठांतून आली आणि मराठी लेखनाला ती परकी आहे, अशी एक समजूत आढळते. चाकणपासून जवळच इंद्रायणीकाठी असलेल्या आळंदीचे स्मरण केले तरी ही समजूत टिकत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी व्यासांचे आणि भाष्यकाराचे ऋण स्वच्छ शब्दांत मान्य केले आहे, ग्रंथाचा शक दिला आहे आणि लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नावही नोंदवले आहे. मूळ ग्रंथकार, मार्गदर्शक टीकाकार, रचनेचे वर्ष आणि ज्याने प्रत्यक्ष लिहून घेतले तो माणूस, असा चौपदरी निर्देश सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी ग्रंथात मिळावा ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्ञानदेवांनी भाष्यकाराचे नाव दिलेले नाही. हा भाष्यकार म्हणजे शंकराचार्यच, की आणखी कोणी, यावर पुढच्या अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला. ज्ञानदेवांच्या श्रोत्यांना तो शब्द पुरेसा असेल, कारण कोणाविषयी बोलले जात आहे हे त्यांना ठाऊक असावे. काळ बदलला तेव्हा मात्र ऋणाची कबुली शिल्लक राहिली आणि पत्ता हरवला. संदर्भनिर्देशात नाव, वर्ष, आवृत्ती आणि पृष्ठ असा तपशील का मागितला जातो याचे याहून चांगले उत्तर मराठी वाचकाला दुसरीकडे शोधावे लागणार नाही.

हा पत्ता नीट ठेवण्याचे शास्त्र मराठीत इतिहाससंशोधकांनी घडवले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने जुन्या कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्यांत पत्रांना लेखांक दिले. पुढे १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांनी ही शिस्त दृढ केली, आणि आजही मराठी इतिहासलेखनात खंड आणि लेखांक एवढा निर्देश पुरेसा मानला जातो. या पद्धतीचा लाभ असा की ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, पृष्ठे बदलली, तरी पत्राचा क्रमांक बदलत नाही. डिजिटल शोधनिबंधांना कायमस्वरूपी ओळखक्रमांक देणारी डीओआय ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. तिच्यामागील गरज, म्हणजे जागा बदलली तरी न बदलणारी खूण, राजवाड्यांच्या पिढीने कागदावर ओळखली होती. १९३० च्या ‘शिवकालीन पत्रसारसंग्रहा’त तर पत्रांचा केवळ सारांश देऊन मूळ कोठे पाहावे हे सांगितलेले असते, आणि त्यामुळे सारांशकाराने काय गाळले हे तपासण्याचा वाचकाचा अधिकार अबाधित राहतो.

चाकणच्या बाबतीत या शिस्तीची कसोटी लागते ती १६६० च्या वेढ्यात. फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध चाकणचा किल्ला संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने लढवला, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. या घटनेची माहिती बखरीतून येते तशी मोगल दरबाराच्या फारसी इतिहासातूनही येते, आणि बहुतेक मराठी लेखकांपर्यंत फारसी मजकूर पोहोचतो तो यदुनाथ सरकारांच्या १९१९ च्या ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’सारख्या इंग्रजी ग्रंथामार्फत, आणि पुष्कळदा त्याच्याही मराठी अनुवादामार्फत. अशा वेळी तळटीपेत थेट फारसी ग्रंथाचे नाव टाकणे हा अप्रामाणिकपणा आहे, कारण लेखकाने तो ग्रंथ पाहिलेला नसतो. प्रामाणिक रीत अशी की मूळ ग्रंथाचे नाव द्यावे आणि तो कोणाच्या ग्रंथात उद्धृत झालेला वाचला तेही सांगावे. यास दुय्यम निर्देश म्हणतात. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट मध्ये एखादी चूक शिरली असेल तर ती कोणत्या पायरीवर शिरली हे त्यावरून कळते. चिंचवडच्या देव घराण्यावर लॉरेन्स प्रेस्टन यांनी लिहिलेला आणि १९८९ मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केलेला ग्रंथ याच्या उलट टोकाला आहे. परदेशी अभ्यासकाने मोरया गोसावींच्या वंशाचा आणि त्यांच्या इनामांचा इतिहास पुण्याच्या दफ्तरातील कागदांवरून लिहिला, आणि तळटीपांमुळे चिंचवडचा रहिवासीदेखील त्या कागदांपर्यंत त्याच वाटेने जाऊ शकतो.

कारखान्यांच्या इतिहासातही पिंपरीला या विषयात एक मानाचे स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध घेतला. त्यांतील एकाला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हे नाव मिळाले, त्यापासून वेगळ्या केलेल्या एका संयुगाला ‘पिंप्रिनिन’ म्हटले गेले, आणि बुरशीवर गुणकारी ठरलेल्या ‘हॅमायसिन’ या प्रतिजैविकाच्या नावात कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आली. जीवशास्त्रात प्रजातीचे लॅटिन नाव लिहिल्यावर ज्याने तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले त्याचे नाव आणि वर्ष पुढे जोडण्याचा प्रघात आहे. म्हणजे येथे संदर्भ हा नावाचाच भाग होतो आणि त्याला वेगळी तळटीप लागत नाही. जगातील कोणताही रसायनशास्त्रज्ञ पिंप्रिनिनविषयी लिहितो तेव्हा, त्याने नकाशावर पिंपरी पाहिलेली नसली तरी, पिंपरीचे ऋण त्याच्या लेखात नोंदवले जाते. श्रेयाची एवढी टिकाऊ नोंद या पट्ट्यातील दुसऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या वाट्याला आली असेल असे वाटत नाही, आणि प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण पहिल्याच तासाला सांगितले गेले पाहिजे.

तिरुमलाचारांच्या नावावरून सूचीतील एक अडचणही लक्षात येते. संदर्भसूचीच्या आंतरराष्ट्रीय पद्धती नाव आणि आडनाव असे दोन भाग गृहीत धरतात. तिरुमलाचार हे मराठी अर्थाने आडनाव नव्हे, तरी सूचीत ते त्या जागी बसवावे लागते. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. संतकवींना सूचीत आडनाव नसते. कुसुमाग्रजांसारखा कवी टोपणनावाखाली नोंदवावा की शिरवाडकर या आडनावाखाली, याचा निर्णय सूचीकाराला करावा लागतो. आणि विवाहानंतर नाव बदललेल्या लेखिकेचे लेखन दोन ठिकाणी विखुरले जाऊ नये म्हणून एका नोंदीकडून दुसरीकडे निर्देश ठेवावा लागतो. जुन्या ग्रंथांवर शक असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात, म्हणून छापलेला शक तसाच ठेवून सन शेजारी देणे अधिक सुरक्षित. या साऱ्यांत योग्य उत्तर एकच असते असे नाही. निवडलेला नियम आरंभी सांगावा आणि शेवटपर्यंत पाळावा, इतकीच अपेक्षा आहे.

निर्देशाच्या प्रचलित शैलींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यांची नियमपुस्तके सहज मिळतात. मजकुरात लेखकाचे नाव आणि वर्ष देण्याची रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या निबंधापर्यंत मागे नेली जाते आणि ती सामाजिक शास्त्रांत रूढ आहे. अभियांत्रिकीत आयईईई संस्थेची क्रमांकाची शैली चालते, जिच्यात संदर्भ मजकुरात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने त्यांना चौकटी कंसातील आकडे मिळतात. वैद्यकात १९७८ च्या व्हँकुव्हर येथील संपादकांच्या बैठकीतून आलेली क्रमांकपद्धती वापरतात. इतिहासकार आणि साहित्याभ्यासक तळटीपच पसंत करतात. विरामचिन्हांच्या जागा पाठ करण्यात विद्यार्थ्यांचा जेवढा वेळ जातो तेवढा निर्देश कशाला हवा हे समजून घेण्यात गेला तर शैली आपोआप अंगवळणी पडते.

निर्देश टाळल्याबद्दलच्या दंडाचा भाग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत आहे. दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य. आयोगाने मजकुरातील साम्याच्या प्रमाणावर त्याचे स्तर ठरवले : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत पहिला, ६० टक्क्यांपर्यंत दुसरा आणि त्याहून अधिक असल्यास तिसरा, ज्यात प्रबंध सादर करणाऱ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. आधार नोंदवून घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, कायदे, प्रमाणित समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे सामान्य मजकूर या मोजणीतून वगळले जातात. हे विनियम आवश्यक होते. परंतु त्यांचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की संदर्भनिर्देश म्हणजे टक्केवारी खाली आणणे, असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात बसले. संगणकाची प्रणाली शब्दांचे साम्य मोजते, ऋण मोजत नाही. इंग्रजी निबंधाचा मराठीत अनुवाद करून नाव गाळले तर साम्य जवळपास शून्य दिसू शकते आणि चोरी मात्र पूर्ण असते. उलट प्रत्येक वाक्याचा आधार दिलेला सर्वेक्षणपर लेख लाल रंगाने भरून येऊ शकतो. फिटरकडून ऐकलेली युक्ती तर कोणत्याही संगणकाच्या भांडारात नसतेच, त्यामुळे ती नावाशिवाय घेतल्याचे कधीच उघडकीस येत नाही.

कारखान्यातील कागदांच्या बाबतीत परिस्थिती सुधारण्याजोगी आहे, कारण उद्योगाने स्वतःची निर्देशपद्धती आधीच बनवलेली आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ते कोणी काढले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले आणि रिव्हिजन कितवी आहे हे लिहिण्याची चौकट असते. गाडीच्या घडीव भागावर ठोकलेल्या हीट नंबरवरून तो पोलादाच्या कोणत्या खेपेतून घडला इथवर मागे जाता येते, आणि चांगल्या तळटीपेचे कामही नेमके तेच असते. मानकांचा निर्देश करताना क्रमांकासोबत वर्ष देणे हा केवळ उपचार नव्हे. पोलादी बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८०० हे याचे ठळक उदाहरण आहे : त्याची १९८४ ची आवृत्ती अनुज्ञेय ताणाच्या पद्धतीवर आधारलेली होती, तर २००७ च्या आवृत्तीने सीमावस्थेची पद्धत, म्हणजे रचना निकामी होण्याच्या मर्यादेचा विचार करून आकडेमोड करण्याची पद्धत, मुख्य केली. चाकणमधील एखाद्या शेडच्या संकल्पनावर अहवाल लिहिणाऱ्याने वर्ष न देता नुसता क्रमांक दिला तर त्याची आकडेमोड कोणत्या तत्त्वावर उभी आहे हे परीक्षकाला सांगताच येणार नाही. वाहन उद्योगाच्या एआयएस मानकांनाही, जी १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय संस्था प्रसिद्ध करते, हाच नियम लागू होतो, कारण त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात. गोपनीय कागदांचा प्रश्न वेगळा आहे. कंपनीशी गुप्ततेचा करार झाला असेल तर कागदाचा क्रमांक किंवा कंपनीचे नावही देता येत नाही; पण तो कोणत्या प्रकारचा कागद होता, कोणत्या महिन्यात पाहिला आणि तो का दाखवता येत नाही, एवढे सांगण्यास बहुधा कोणताही करार आड येत नाही, आणि वाचकाला आधाराचे वजन त्यावरून ठरवता येते.

उरते ते बोललेले ज्ञान. फिक्स्चर कोणत्या बाजूने सैल होते, उन्हाळ्यात दुपारच्या शिफ्टमध्ये मापे का सरकतात, नवा इन्सर्ट किती जॉबनंतर खरोखर बदलावा, हे वीस-वीस वर्षे मशिनवर काढलेल्या सेटरला आणि टूलरूममधील फिटरला माहीत असते, आणि अहवालातील ‘निरीक्षण’ नावाच्या प्रकरणाचा मोठा भाग त्यांच्या तोंडून आलेला असतो. पुष्कळ कारखान्यांत सुधारणेची सूचना करणाऱ्या कामगाराचे नाव कायझेनच्या फलकावर लागते. तेच ज्ञान महाविद्यालयाच्या दारातून आत गेले की निनावी होते आणि कर्ता नसलेल्या वाक्यात विरघळून जाते : ‘असे आढळून आले की’. कोणाला आढळले, हा प्रश्न परीक्षकही विचारत नाही. विद्यापीठीय लेखन जर शॉप फ्लोअरपेक्षा श्रेयाच्या बाबतीत कमी काटेकोर ठरत असेल तर ती विद्यापीठांना शोभणारी गोष्ट नाही.

यात नियमपुस्तकांचाही दोष आहे. लेखकनाम आणि वर्ष देणारी एपीए ही शैली प्रत्यक्ष संभाषणाला ‘वैयक्तिक संपर्क’ मानते, त्याचा निर्देश फक्त मजकुरात करण्यास सांगते आणि सूचीत त्याला स्थान देत नाही, कारण वाचकाला ते संभाषण पुन्हा मिळवता येत नाही. पडताळणीच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड आहे. ऋणाच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम असा होतो की ज्याने पुस्तक लिहिले त्याचे नाव सूचीत येते आणि ज्याने पुस्तकात नसलेले सांगितले त्याचे येत नाही. यावर उपाय आहे आणि तो मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी वापरून सिद्ध केला आहे : संभाषणाची टिपणे किंवा ध्वनिमुद्रण संस्थेच्या ग्रंथालयात क्रमांकासह जमा करावे, म्हणजे ते परत मिळवण्याजोगे साधन होते आणि राजवाड्यांच्या लेखांकाप्रमाणेच त्याचा निर्देश करता येतो.

अशा नोंदीत बोलणाऱ्याचे नाव, त्याचे काम आणि त्या कामातील अनुभवाची वर्षे, मुलाखतीची तारीख, भाषा आणि स्थळ, विचारणाऱ्याचे नाव, आणि कोणत्या मुद्द्यासाठी ती माहिती वापरली गेली, हे सर्व असावे. संमती लेखी हवी, आणि ती ज्या भाषेत घ्यायची ती भाषा कामगाराची असावी. या पट्ट्यात ती मराठी असेल तशी हिंदी, भोजपुरी किंवा उडियाही असेल, आणि इंग्रजी छापील फॉर्मवर घेतलेल्या सहीला संमती म्हणणे कठीण आहे. कंत्राटी कामगाराला नाव प्रसिद्ध झाल्यास नोकरीची भीती वाटू शकते, आणि ती भीती पुष्कळदा रास्त असते. त्याने नाव न देण्यास सांगितले तर नाव देऊ नये, पण माणूस पुसूनही टाकू नये. ‘घडाई विभागातील अनुभवी सेटर, नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेले नाही’ असा निर्देश पूर्णतः शास्त्रशुद्ध आहे. ज्याने नाव देण्यास होकार दिला त्याचे नाव त्याने स्वतः सांगितले त्याच रूपात, मार्गदर्शक प्राध्यापकांच्या आणि कंपनीच्या व्यवस्थापकांच्या नावांप्रमाणेच पूर्ण लिहावे, आणि अहवाल छापून झाल्यावर त्याची एक प्रत, निदान ज्या पृष्ठावर त्याचे म्हणणे आले ते पृष्ठ, त्याला वाचावयास द्यावे, कारण आपल्या तोंडी घातलेले म्हणणे बरोबर उतरले की नाही हे तपासण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे.